काठी वाकते कुठे

माझं काम न पाहिलेल्या वस्तूंचं वर्णन करण्याचं आहे. पुण्यातली एक छोटी कंपनी परदेशातल्या दुकानांसाठी इंग्रजी मजकूर तयार करते आणि मी जळोचीतल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत बसून तो लिहिते. तंबू, पाठीवरच्या सॅका, टॉर्च, डोंगरात चालायचे बूट. वस्तूंचे फोटो येतात, मापं येतात आणि त्यांवरून मी चार-सहा वाक्यं अशी करते, की वाचणाऱ्याला वस्तू हातात घेतल्यासारखी वाटावी. हे काम मला आवडतं. कोणाला भेटावं लागत नाही. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो आणि बोलायचं ते आमच्या मॅडम बोलतात. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करायचे नाही. या नोकरीत हात वर करायची वेळच येत नव्हती.

मग एक मासेमारीच्या सामानाचं दुकान आलं. साधी मासेमारी नव्हे, फ्लाय फिशिंग. आपल्याकडे गळ टाकताना दोऱ्याला शिसं बांधतात किंवा कणकेचा गोळा लावतात. ते वजन पुढे जातं आणि त्याच्यामागून दोरा जातो. इथे उलटं असतं. गळावर पिसं आणि रंगीत धागा गुंडाळून खोटी माशी केलेली असते आणि तिला वजन असं नसतंच. वजन असतं दोरीला. ती जाडसर, गुळगुळीत दोरी लांब काठीने हवेत मागे न्यायची, मग पुढे सोडायची आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची. ही काठी म्हणजे फ्लाय रॉड. ते फास्ट असतात किंवा स्लो असतात, आणि या दोन्हींतला फरक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा लेख मला लिहायचा होता.

मी मिळेल ते सगळं वाचलं आणि लिहिलं. फास्ट रॉड जोरकस, लांब फेकणारा, म्हणून शिकाऊ माणसाला उत्साह देणारा. स्लो रॉड निवांत, जुन्या वळणाचा, सवयीच्या हातांसाठी. वाक्यं छान झाली होती. दुकानाच्या मालकांचं एका ओळीचं उत्तर आलं. हे लिहिणाऱ्या व्यक्तीने यातला एक तरी रॉड कधी हातात धरला आहे का?

मॅडमचा फोन आला.

"सोमवारी ते कॉलवर येतायत. म्हणाले, ज्याने लिहिलंय त्याच्याशीच बोलायचंय. मी मध्ये बोलून चालणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

"पटलं तर त्यांचा अख्खा कॅटलॉग आपल्याकडे राहील. नाही पटलं तर ते दुसरीकडे देतील. आणि तुला आधीच सांगून ठेवते, तंबूवाल्यांचं काम संपत आलंय. हे गेलं तर तुला द्यायला माझ्याकडे काही उरत नाही."

मी पुन्हा बरं म्हणाले. फोटोंसाठी आलेले दोन रॉड ऑफिसात पडून होते, ते मॅडमनी कुरिअरने पाठवले. परत द्यायचे आहेत, मोडू नकोस, असं दोनदा बजावलं.

दोन लांब नळ्या आल्या. प्रत्येकीत चार तुकडे, एकात एक बसवले की दीड माणूस उंच काठी तयार. एक गडद राखाडी, कार्बनची. ती फास्ट. दुसरी मधाच्या रंगाची, फायबर ग्लासची. ती स्लो. दोन्हींना मुठीपाशी बुचाच्या लाकडाची पकड आणि खाली दोरी गुंडाळलेलं रीळ. पंख्याला लागू नये म्हणून मी ती बेताने खोलीत हलवून पाहिली आणि मला काहीही कळलं नाही. गच्चीवर गेले तर शेजारच्या तिन्ही गच्च्यांवर माणसं. कोणी वाळवण उलटत होतं, कोणी फोनवर. एवढ्या लोकांसमोर काठी फिरवणं मला जमणार नव्हतं. शनिवारी सकाळी दोन्ही नळ्या स्कूटीला आडव्या बांधल्या आणि कळसला मामांकडे निघाले. मामांचं शेततळं आहे, त्यात थोडे मासे सोडलेले आहेत आणि तिथे बघायला कोणी नसतं, असं मला वाटत होतं.

वस्तीवर पोचले तर मामा डाळिंबाच्या ओळीतून बाहेर येत होते.

"काय गं, पाईप घिऊन आलीस व्हय? ठिबकची हाय का?"

"नाही मामा. गळाची काठी आहे."

"हिच्यात?" त्यांनी नळी वाजवून पाहिली. "आमी आपली बाभळीची फोक घ्यायचो. चार आण्याचा दोरा न् एक गळ."

मामी दारातूनच म्हणाल्या, "आन् मासा एकदाबी आनला न्हाय घरी."

शेततळ्यावर मामा आले, मामी आल्या आणि पलीकडच्या वस्तीवरचे आबाही काठी टेकत आले. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता दोन गायी आणि थोडा कांदा आहे. वस्तीवर कोणी नवीन आलं की आबांना समजतं.

"काय म्हनत्यात हिला?" आबांनी राखाडी काठीकडे हनुवटी केली.

"फास्ट," मी म्हणाले. "आणि ती पिवळी स्लो."

"फास्ट म्हंजी? मासं लवकर गावत्यात व्हय?"

"आबा, त्ये तिलाबी ठावं न्हाय," मामा म्हणाले. "त्येच हुडकाया आलीया."

ते खरंच होतं.

फोनवर पाहिलेल्या व्हिडिओंसारखं मी राखाडी काठी मागे नेली आणि पुढे आणली. दोरी माझ्या पायाशी पडली. पुन्हा केलं, पुन्हा पायाशी. काठी वाकतच नव्हती. हातात एक सरळ, कोरडी काठी होती आणि तिला दोरी जोडली आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं.

"आसूड वडल्यावानी वड की," आबा म्हणाले. "मनगटातनं. आसं."

मी तसं केलं. हवेत फाट्कन आवाज झाला. आबा खूश झाले. दोरी परत ओढली तर टोकाची माशी गायब होती. आवाज आला तोच तिचा तुटण्याचा. दोरी मागे पुरती सरळ व्हायच्या आत मी ती पुढे ओढली होती.

मग मधाच्या रंगाची घेतली. हिच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. पण मागे नेताच ती तळव्यात जाणवली. सावकाश वाकत वाकत वाक थेट मुठीपर्यंत आला, तिथे क्षणभर थांबला आणि मग तितक्याच सावकाश उलगडला. दोरी पुढे गेली. फार नाही, पण गेली आणि पाण्यावर पडली. मी परत केलं. परत गेली.

मला आनंद व्हायला हवा होता आणि झाला. पण लगेच लेख आठवला. मी लिहिलं होतं की शिकाऊ माणसाला फास्ट आणि सवयीच्या हातांना स्लो. माझ्या शिकाऊ हाताला स्लो साधत होती आणि फास्ट अजिबात साधत नव्हती. म्हणजे लेख उलटा होता. आणि का उलटा होता, ते मला माहीत नव्हतं. सोमवारी दुकानाचे मालक 'का' एवढंच विचारणार होते.

मामा मात्र वेगळीच काळजी करत होते. "बाय, जरा बेतानं. ही मोडंल. कशी कमान हुती बघ की."

संध्याकाळपर्यंत मी फेकत राहिले. आबा गायींची वेळ झाली म्हणून गेले. मामींनी चहा तळ्यावर आणून दिला आणि खांदा धरला असेल तर तेल लावून देते म्हणाल्या. अंधार पडला तेव्हा मी पिवळी काठी जोडलेली तशीच ओसरीतल्या बाजेवर ठेवली आणि जेवून झोपले.

मामांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरात वाकणारी कुठलीही वस्तू फार दिवस वाकत नाही. फळांनी लवलेली डाळिंबाची फांदी, फवाऱ्याची दांडी, खराट्याचा मधला भाग, बाजेचा पाय, सगळ्यांना मामा कळकाची, म्हणजे बांबूची, कामटी लावतात आणि टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून टाकतात. डिशची छत्रीसुद्धा त्यांनी तशीच सरळ ठेवली आहे. हा त्यांचा हात कुठे थांबतच नाही.

रविवारी सकाळी उठून ओसरीत आले तर पिवळी काठी बाजेवर होती. मुठीपासून निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत तिला एक तासलेली कामटी लागली होती आणि वरून काळी ट्यूबची पट्टी, अगदी एकसारखी, दोरी तेवढी मोकळी ठेवून, वेढ्याला वेढा लावून.

मामा तोंड पुसत आले. "काल बगत हुतो. पार मुठीपातुर वाकती गं ती. दुसऱ्याची वस्तू, मोडली म्हंजी काय करायचं? म्हनलं जरा आधार द्यावा. आता काय हुत न्हाय तिला."

परत द्यायची वस्तू. बुचाच्या पकडीवर ट्यूबचा काळा डाग उमटला होता. मामांच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान होतं. मी "बरं" म्हणाले. माझ्याकडे तो एकच शब्द सगळ्या प्रसंगांसाठी आहे. काठी उचलून तळ्यावर गेले. पट्टी सोडायच्या आधी एकदा फेकून, आतून कुठे चिरली आहे का ते पाहावं, एवढाच विचार होता.

मामींनी माझं तोंड पाहिलं असावं. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "इचारायचं तरी पोरीला."

"आगं, मोडली आस्ती तर?"

"ती वाकायसाठीच आसल की."

"वाकायसाठी कोन काठी करंल?"

मी रिळावरून दोरी काढली आणि काल संध्याकाळी हाताला बसलेल्या ठेक्यात काठी मागे नेली, थांबले, पुढे आणली. दोरीचा गुंता माझ्या खांद्यावर पडला. काल शंभरदा जमलेली गोष्ट. पुन्हा तेच. काठी तळव्यात जाणवतच नव्हती. वाकत होतं ते फक्त वरचं टोक, कामटी संपते तिथून पुढचं, आणि ते वाकून परत सरळही झालेलं असायचं, माझा हात अजून निम्म्या वाटेत असताना.

हा कोरडेपणा माझ्या ओळखीचा होता. काल दुपारी तो हातात आला होता, राखाडी काठीतून.

मी पळत ओसरीत गेले आणि राखाडी काठी जोडून आणली. एकदा ही, एकदा ती. एकदा ही, एकदा ती. वजनात फरक होता, कामटीमुळे पिवळी जड झाली होती. पण हाताला येणारी गोष्ट जवळजवळ एकच होती. वाक वरच्या वर, खाली ताठ, आणि वाकलेलं झटक्यात सरळ. मामांनी ट्यूब आणि कळक लावून स्लो रॉडचा फास्ट रॉड केला होता.

म्हणजे फास्ट हे नाव फेकण्याला नव्हतंच. किती जोरात, किती लांब, याला नव्हतं. वाकलेली काठी किती लवकर परत सरळ होते, त्याला ते नाव होतं. आणि ते ठरत होतं काठी कुठे वाकते यावरून. वरच्या टोकालाच वाकली तर परतायला वाट थोडी, लगेच सरळ. मुठीपर्यंत वाकली तर सगळी काठी परतायची, म्हणून वेळ. हे सगळं मी वाचलेलं होतं. माझ्या लेखातसुद्धा त्यातले शब्द होते. पण मला ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"मामा," मी हाक मारली. माझा आवाज एवढा मोठा निघाला की गोठ्यातली गाय वळून बघायला लागली. "मामा, जरा इकडे या. ही कामटी थोडी कमी करता येईल?"

मामा धावतच आले. "का? सैल झाली का काय?"

"नाही, छान आहे. पण निम्म्यापर्यंतच हवी. मग आणखी कमी. मग अगदी थोडी. प्रत्येक वेळी मी फेकून बघणार."

त्यांनी काठी हातात घेतली. मग खाली बसले आणि पट्टी उलगडायला लागले. "आधी सांगायचं न्हाय व्हय? मी आपला गच्च आवळून बसलो."

पुढचे तास कसे गेले मला खरंच सांगता येणार नाही. कामटी निम्म्यापर्यंत आली तेव्हा वाक थोडा खाली सरकला आणि हाताला किंचित जास्त थांबावं लागलं. आणखी कमी केली, वाक आणखी खाली, थांबणं आणखी जास्त. काठी तीच, दोरी तीच, हात तोच. वाकाची जागा फक्त मामांच्या बोटांनी वर-खाली होत होती आणि तिच्याबरोबर माझा ठेका बदलत होता. मागे गेलेली दोरी मला दिसत नव्हती म्हणून मामा बाजूला उभे राहिले आणि ती मागे सरळ झाली की "आता" म्हणायला लागले.

"आता... आता... न्हाय न्हाय, घाई केलीस... आता. हां."

कामटी लांब असताना त्यांचा "आता" लवकर यायचा. पूर्ण काढल्यावर तो इतका उशिरा यायला लागला की मला वाटायचं ते विसरले. नेमकी ती वाट बघणंच स्लो रॉडचं मर्म होतं. दोरी निवांत मोठा वळसा घेऊन मागे जाते, तिला पोचू द्यायचं.

मग मी राखाडी काठीकडे वळले. आता मला माहीत होतं तिला काय हवं आहे. तिचा खालचा भाग ताठ, म्हणजे तिला वाकवायला ओझं हवं. काल मी टोकाबाहेर हातभर दोरी सोडून तिच्याकडून कामाची अपेक्षा केली होती. तेवढ्या वजनाने ती कशाला वाकेल? मी दोरी काढत गेले, दुप्पट, तिप्पट. हाताची हालचाल छोटी केली, सुरुवात सावकाश आणि शेवटी एकदम थांबा. काठी टोकाशी वाकली, सुटली, आणि दोरी अरुंद, टोकदार वळसा घेत माझ्या डोक्यावरून अशी सुसाट गेली की तळ्याच्या पलीकडच्या काठावर, प्लॅस्टिकच्या कागदावर जाऊन पडली.

मामा म्हणाले, "आगायायाया."

मी हसत होते. कोणी बघतंय का, हे बघायचंसुद्धा राहून गेलं. बघत होते, आबा आले होते, बांधावर बसले होते.

"काल आसूड वडायला शिकीवलं म्हनून आज जमलं," आबा म्हणाले.

"तुमच्या आसुडानं तिची माशी तुटली, आबा," मामा म्हणाले.

"माशीचं काय, दुसरी बसती."

दुपारी मी दोन्ही काठ्या मोकळ्या करून गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीसमोर आडव्या धरल्या. मुठी खिडकीच्या गजांत घट्ट अडकवल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला मामींनी दिलेली शेंगदाण्याची पिशवी टांगली, एकच पिशवी, आळीपाळीने. पांढऱ्या भिंतीवर वाक स्पष्ट दिसत होता. राखाडी निम्म्याहून जास्त सरळ जाऊन मग खाली वळलेली. पिवळी मुठीपासूनच लवलेली, ओझ्याखालच्या डाळिंबाच्या फांदीसारखी. मी फोटो काढले. पिशवी काढली, टोक हाताने खाली ओढून झटकन सोडलं आणि फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. राखाडीचं टोक दोन-चार झोके घेऊन गप्प झालं. पिवळी बराच वेळ डुलत राहिली. मामी फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "ही तुझ्या मामासारखी. एकदा हालली की लवकर थांबत न्हाय."

निघायच्या आधी पिवळ्या काठीला चिलापी लागली. मी काठाजवळच, अगदी जवळ, माशी उतरवून बोलत उभी होते आणि दोरीला हिसका बसला. मासा छोटाच होता, पण काठी मुठीपर्यंत वाकली आणि त्याचं सगळं वळणं, खाली जाणं, थरथरणं माझ्या तळव्यात येऊ लागलं. टोकाचा दोरा केसासारखा बारीक असतो. तो तुटला नाही, कारण प्रत्येक हिसका काठीच खाऊन टाकत होती. मी मासा बाहेर काढला, माशी सोडवली. मामींनी लांबूनच अंदाज घेतला.

"कालवनाला पुरायची न्हाय. जाऊ दे तिला."

तो डाग मात्र गेला नाही. मी गाडी पुसायच्या फडक्याने, मग मामींनी साबणाने, पकड घासून पाहिली. ट्यूबचा काळा रंग बुचात शिरला होता. मामा दोनदा म्हणाले, "माझं नाव सांग. म्हनावं मामानं बांधली." घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की ती काठी कॅमेऱ्यात पकडीच्या वरूनच दाखवायची.

सोमवारी संध्याकाळी कॉल सुरू झाला. मॅडमनी माझी ओळख करून दिली आणि म्हणाल्या, "कॅमेरा सुरू कर." मी केला. समोर एक वयस्कर गृहस्थ, जाड काचांचा चष्मा, मागे भिंतीभर काठ्या. ते नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या मते फास्ट म्हणजे काय?

कागदावर उत्तर लिहून समोर ठेवलं होतं. मी ते वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. हे वाचलेलं आहे, ते म्हणाले, सौम्यपणे. तुम्हाला ते कशावरून वाटतं?

मॅडमच्या चौकटीत त्यांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. नोकरी जाते ती अशी जाते, एवढं मला कळलं. आणि कशावरून, याचं खरं उत्तर एकच होतं. मी पिवळी काठी उचलून पूर्ण कॅमेऱ्यासमोर धरली, काळ्या डागासकट.

"माझ्या मामांनी हिला बांबू बांधला," मी म्हणाले. "त्यावरून."

ते पुढे झुकले. कुठे बांधला? का बांधला? मी सांगायला लागले. ती मोडेल असं मामांना वाटलं, कारण आमच्याकडे वाकणाऱ्या वस्तूला आधार देतात. बांधल्यावर दोरी माझ्या खांद्यावर कशी पडली, दोन्ही काठ्या हाताला एकसारख्या कशा झाल्या. मग कामटी कमी करत गेलो तसा वाक कसा उतरत आला आणि माझं थांबणं कसं वाढलं. भिंतीचे फोटो दाखवले. पिशवीत काय आहे, त्यांनी विचारलं. शेंगदाणे, मी म्हणाले. डुलणाऱ्या टोकांचा व्हिडिओ दाखवला. म्हणाले, पुन्हा लावा. मी पुन्हा लावला. माझा लेख उलटा होता हेही सांगितलं. जवळ फेकायचं, हळू उतरवायचं, बारीक दोरा सांभाळायचा, तर स्लो. नवा हात असेल तर तीच, कारण ती आपलं वाकणं हाताला कळवते. फास्टला लांबचं अंतर आणि बाहेर पुरेशी दोरी द्या, मग ती बोलायला लागते. मी किती वेळ बोलत होते कोणास ठाऊक. मध्ये आई खोलीत येऊन दारातच थांबली होती.

त्यांनी विचारलं, समोरून वारा असेल तर यातली कुठली घ्याल?

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "काल वारा नव्हता. राखाडी घेईन असं वाटतं, कारण तिचा वळसा अरुंद होता. पण फेकून बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की त्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं रॉड विकणारी माणसं आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजपर्यंत रॉडला बांबू बांधून पाहिलेला नाही. लेख पुन्हा लिहा, जसं आत्ता बोललात तसा. बाकीच्या काठ्यांचं काय करायचं ते ते मॅडमशी बोलतील. आणि हो, ती पिवळी परत पाठवू नका, डागाळलेली काठी ते विकू शकत नाहीत.

कॉल संपल्यावर मॅडमचा लगेच फोन आला. कॅटलॉग आपल्याकडे राहिला, त्या म्हणाल्या. आणि मग, "तू एवढं बोलतेस?"

मी आईला सांगायला वळले, पण तिने सगळं ऐकलेलंच होतं. ती म्हणाली, "मामाला कळव आधी. सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला त्याचा."

फोन मामींनी उचलला आणि स्पीकरवर टाकला असावा, कारण मागून मामांचा आवाज आला. "काय झालं? बोलली का न्हाय त्यांच्यासंगं?"

"बोलले. काम राहिलं, मामा."

"आन् काठीचं काय म्हनलं? भरून मागितली का?"

"नाही. मलाच ठेवायला सांगितली."

मग मामी मामांना म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? आता ती बाजंवर दिसली तर हात लावायचा न्हाय."

मी म्हणाले, "मामी, मामांना आणखी हात लावावा लागणार आहे. वाऱ्याचं बघायचं राहिलंय." आणि शनिवारी येते म्हणत, त्यांच्याकडे वारा कुठून येतो, दुपारी वाढतो की सकाळी, तळ्याच्या कुठल्या काठावर उभं राहिलं तर तो थेट तोंडावर येईल, हे सगळं मी एका दमात विचारायला लागले.